बार्बेडोसला गेलेला पूर्वज

बार्बेडोस बेटाच्या पूर्व बाजूला, अटलांटिककडे तोंड करून उभ्या असलेल्या उंच कड्याच्या काठाशी सेंट जॉन पॅरिशचे चर्च आहे. पॅरिश म्हणजे चर्चच्या कारभाराचा विभाग. बेटाचे असे अकरा विभाग आहेत. या चर्चच्या दफनभूमीत एक थडगे आहे आणि तिथे आलेला माणूस त्याच्यापाशी थबकल्यावाचून राहत नाही. थडग्यावरच्या लेखानुसार येथे फर्डिनांडो पॅलिओलोगस चिरनिद्रा घेत आहे. तो ग्रीसच्या अखेरच्या ख्रिस्ती सम्राटांच्या वंशातला. १६५५-५६ साली या चर्चचा व्यवस्थापक आणि वीस वर्षे त्याच्या कारभारी मंडळाचा सदस्य.

कॉन्स्टँटिनोपल १४५३ मध्ये पडले. बायझंटाईन सम्राटांचा वंशज दोनशे वर्षांनी उसाच्या एका बेटावर चर्चच्या जमाखर्चात गुंतलेला कसा सापडतो? हा धागा या प्रश्नापासून सुरू होतो, पण सम्राटांपाशी थांबत नाही. सतराव्या शतकात ब्रिटनमधून हजारो माणसे कॅरिबियन बेटांकडे गेली. त्यांचे वंशज आज लंडन, ब्रिजटाऊन, किंग्स्टन, टोरांटो अशा शहरांत विखुरलेले आहेत आणि त्यांतले अनेक जण जुनी दप्तरे चाळत त्या पहिल्या माणसाचा माग काढत असतात. त्या मागाची ही हकीकत.

आपल्याकडे म्हणतात, नदीचे मूळ आणि ऋषीचे कूळ शोधू नये. पॅलिओलोगस प्रकरणात या म्हणीचा प्रत्यय लगेच येतो. फर्डिनांडोचा जन्म ग्रीसमध्ये नव्हे, इंग्लंडमध्ये झाला. त्याचा बाप थिओडोर हा इटलीतून इंग्लंडला आलेला भाडोत्री सैनिक. तो १६३६ मध्ये कॉर्नवॉल परगण्यात वारला आणि तिथल्या लँडल्फ गावच्या चर्चमध्ये त्याच्या नावाचा पितळी पत्रा अजून आहे. त्या पत्र्यावर बापाकडून आजा, आज्याकडून पणजा अशी वंशावळ थेट शेवटच्या सम्राटाच्या भावापर्यंत नेऊन भिडवली आहे. मात्र या साखळीत सम्राटाच्या भावाचा म्हणून जो जॉन नावाचा मुलगा दाखवला आहे, त्याच्याविषयी इतिहासकार साशंक आहेत. साखळीची एकच कडी निखळली तरी राजवंश हातचा जातो.

बार्बेडोसचा दगडही निर्दोष नाही. त्यावर फर्डिनांडोच्या मृत्यूचे साल १६७८ कोरलेले आहे. त्याचे मृत्युपत्र मात्र २६ सप्टेंबर १६७० चे आहे आणि त्याचे दफन त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात झालेले आहे. दगड आठ वर्षांनी चुकला.

याच बेटावर, पश्चिम किनाऱ्यावरच्या होलटाऊन गावात, आणखी मोठी चूक दगडात कोरून ठेवलेली आहे. इंग्रजांनी बेटावर पहिले पाऊल ठेवल्याचे हे स्मारक १९०५ मध्ये मोठ्या थाटाने उभारले गेले आणि त्यावर साल घातले १६०५. प्रत्यक्षात कॅप्टन जॉन पॉवेलचे ‘ऑलिव्ह ब्लॉसम’ हे जहाज तिथे लागले १६२५ मध्ये. वीस वर्षांची ही चूक पुढे दुसरी पाटी लावून दुरुस्त करावी लागली. तीनशे वर्षांचा सोहळा असा वीस वर्षे आधीच साजरा झाला! वंशशोधकाने पहिला धडा इथेच घ्यावा. शिलालेख पाहून डोळे दिपतात, परंतु शिलालेख मेलेला माणूस लिहीत नाही. मागे राहिलेल्यांना जे आठवते किंवा आठवावेसे वाटते, ते त्यावर येते.

मग कागद पाहावेत. पण कागदाचीही एक खोड आहे. इंग्लंडमध्ये १७५२ पर्यंत नवे वर्ष १ जानेवारीला नव्हे, २५ मार्चला सुरू होत असे. त्यामुळे जुन्या नोंदीतला फेब्रुवारी १६५० म्हणजे आपल्या हिशेबाने फेब्रुवारी १६५१. एखाद्या जोडप्याचे लग्न एप्रिल १६५० मध्ये आणि मुलाचा जन्म फेब्रुवारी १६५० मध्ये नोंदलेला दिसला, की नवखा शोधक दचकतो आणि पूर्वजांच्या चारित्र्याविषयी भलतेसलते तर्क करू लागतो. वास्तविक लग्न आणि जन्म यांत सरळ दहा महिन्यांचे अंतर असते.

बार्बेडोसची पहिली इंग्रज वसाहत हेही याच घोळाचे उदाहरण आहे. ‘विल्यम अँड जॉन’ हे जहाज १७ फेब्रुवारी १६२७ रोजी तिथे पोचले. त्या काळच्या माणसांच्या लेखी ते साल १६२६ होते. जहाजात सुमारे ८० इंग्रज वसाहतकार होते आणि त्यांच्याबरोबर १० कैदी, वाटेत पकडून गुलाम केलेले. ही गोष्ट सहसा पुढच्या ओळीत ढकलली जाते. बेटाचा इंग्रजी इतिहास ज्या दिवशी सुरू झाला त्याच दिवशी, एकाच गलबतातून, दोन प्रकारची माणसे किनाऱ्यावर उतरली. एका प्रकारच्या माणसांची नावे शोधता येतात. दुसऱ्यांचा आकडा तेवढा राहिला.

ज्यांची नावे राहिली त्यांच्यासाठी सर्वांत प्रसिद्ध दस्तऐवज १६३५ सालचा. त्या वर्षी लंडन बंदरातून परदेशी निघालेल्यांची नावे आणि वये एका वहीत टिपून घेतली गेली. जाण्यापूर्वी प्रत्येकाला राजनिष्ठेची शपथ घ्यावी लागे. एकट्या बार्बेडोसकडे निघालेले त्यात हजाराच्या आसपास भरतात. वये पाहिली तर मन गलबलते. बहुतेक विशीच्या आसपासचे, काही तर सोळा-सतरा वर्षांची पोरे. ही आणि अशा इतर याद्या जॉन कॅम्डेन हॉटन या लंडनच्या पुस्तकविक्रेत्याने १८७४ मध्ये छापून काढल्या आणि तेव्हापासून अटलांटिकच्या दोन्ही काठांवरचे वंशशोधक त्या ग्रंथाची पारायणे करीत आले आहेत.

यादीतले बहुतेक जण जमीनदार म्हणून गेलेले नव्हते. ते मुदतबंद नोकर होते. प्रवासाचे भाडे मालकाने भरायचे आणि त्या बदल्यात चार ते सात वर्षे त्याच्या मळ्यावर राबायचे, असा तो करार. ब्रिस्टल बंदरात १६५४ पासून अशा नोकरांची नोंदवही ठेवली जाऊ लागली. १६८६ पर्यंत तिच्यात दहा हजारांहून अधिक नावे चढली. वही ठेवण्यामागे एक भीतीही होती: रस्त्यावरची पोरे, दारू पाजून बेशुद्ध केलेली माणसे पळवून जहाजात कोंबली जात आणि विकली जात. इंग्रजीत त्या काळी ‘बार्बेडोस’ हे बेटाचे नाव क्रियापद होऊन बसले. एखाद्याला ‘बार्बेडोस केले’ म्हणजे त्याला समुद्रापार धाडले. क्रॉमवेलने आयर्लंडमधले युद्धकैदी असेच पाठवले.

मग १६८५ चे बंड झाले. ड्यूक ऑफ मन्मथने राजा दुसऱ्या जेम्सविरुद्ध शस्त्र उचलले आणि जुलैत सेजमूरच्या रानात त्याचा धुव्वा उडाला. सॉमरसेट, डेव्हन, डॉर्सेट या भागांतले विणकर, सुतार, शेतकरी त्याच्या सैन्यात होते. न्यायाधीश जेफ्रीजने अनेकांना फासावर लटकवले आणि सुमारे ८५० जणांना दहा वर्षांच्या सक्तमजुरीसाठी वेस्ट इंडीजला पाठवले. राजाने हे कैदी दरबाऱ्यांना बक्षीस दिले. दरबाऱ्यांनी ते विकून पैसा केला. त्यांच्यात हेन्री पिटमन नावाचा एक शल्यवैद्य होता. तो १६८७ मध्ये एका लहान होडीतून बार्बेडोसहून निसटला आणि १६८९ मध्ये त्याने आपली कहाणी छापली. राफाएल साबातिनीच्या ‘कॅप्टन ब्लड’ या कादंबरीचा नायक अशाच एका वैद्य कैद्यावरून सुचलेला आहे. ज्याच्या घराण्यात असा बंडखोर निघतो, त्या शोधकाचा आनंद गगनात मावत नाही. अन्यायाला बळी पडलेला पूर्वज कोणाला नको असतो?

परंतु पूर्वज बेटावर पोचल्यानंतर काय झाले, हा खरा प्रश्न आहे. तिथेच ही गोष्ट वळण घेते.

लेखिका आंद्रेया स्टुअर्ट यांनी आपल्या घराण्याचा असा शोध घेतला आणि तो २०१२ मध्ये ‘शुगर इन द ब्लड’ या ग्रंथात मांडला. त्यांच्या आईच्या बाजूचा ज्ञात असलेला पहिला पुरुष जॉर्ज ॲशबी. १६३० च्या दशकाच्या अखेरीस तो इंग्लंडहून बार्बेडोसला आला. घरचा गरीब, व्यवसायाने लोहार. आला तेव्हा बेटावर तंबाखू आणि कापूस पिकत होता आणि दोन्हीत फारसा राम उरला नव्हता. थोड्याच वर्षांत ऊस आला.

महाराष्ट्रातल्या वाचकाला ऊस समजावून सांगावा लागत नाही. तोडलेला ऊस थांबत नाही; त्याच दिवशी, फार तर दुसऱ्या दिवशी तो घाण्याला लागला पाहिजे, रस ताबडतोब काहिलीत पडला पाहिजे, भट्टी रात्रंदिवस पेटती राहिली पाहिजे. म्हणजे माणसे हवीत, पुष्कळ हवीत आणि ‘नाही’ म्हणू न शकणारी हवीत. ब्राझीलमध्ये हे तंत्र आधीच रुळलेले होते. १६४० च्या दशकात ते बार्बेडोसला पोचले. १६४७ ते १६५० या काळात तिथे राहिलेल्या रिचर्ड लिगन या इंग्रजाने जमिनीचे भाव लिहून ठेवले आहेत. ऊस येण्यापूर्वी पाचशे एकरांचा जो मळा चारशे पौंडांना मिळाला असता, त्याचा निम्मा हिस्सा १६४७ मध्ये सात हजार पौंडांना विकला गेला.

या भावाने दोन गोष्टी घडल्या. एक, मुदत संपलेल्या इंग्रज नोकराला जमीन मिळण्याची आशा संपली. कायद्याने त्याला सुटकेच्या वेळी चारशे पौंड वजनाची कच्ची साखर मिळे आणि तेवढ्यात एकरभर जमीनही येत नसे. तो मग १६५५ मध्ये इंग्रजांनी जिंकलेल्या जमैकाला गेला, नाहीतर १६७० नंतर उत्तर अमेरिकेतल्या कॅरोलायनाला. म्हणून बार्बेडोसमध्ये अचानक नाहीसा झालेला पूर्वज पुष्कळदा चार्ल्सटनच्या दप्तरात सापडतो. जे कुठेच गेले नाहीत त्यांचे काही वंशज सेंट जॉनच्या त्याच कड्याखाली, खडकाळ किनाऱ्यावर, पिढ्यानपिढ्या दारिद्र्यात राहिले. उन्हाने भाजलेल्या पायांवरून त्यांना ‘रेडलेग्स’, म्हणजे तांबडपाये, हे नाव पडले. कड्यावर सम्राटांचा म्हणवला जाणारा वंशज आणि कड्याखाली हे; दोघेही ब्रिटिशच.

दुसरी गोष्ट म्हणजे आफ्रिकेतून माणसांची भरलेली जहाजे येऊ लागली आणि मग येतच राहिली. जॉर्ज ॲशबीसारखा लोहार याच लाटेवर गरिबीतून वर आला. तो कोणी क्रूरकर्मा म्हणून गेला होता असे नाही. पोट भरायला गेला होता. पण त्या बेटावर वर चढण्याची शिडी एकच होती आणि तिच्या पायऱ्या माणसांच्या होत्या.

बेटाचे गव्हर्नर सर जोनाथन ॲटकिन्स यांनी १६८० मध्ये लंडनला जी खानेसुमारी पाठवली, तीत हे सगळे उघड्यावर दिसते. जमीनमालकाचे नाव, त्यापुढे एकर, त्यापुढे गोऱ्या नोकरांचा आकडा, त्यापुढे गुलामांचा आकडा. शोधक आनंदाने आपल्या पूर्वजाच्या नावावर बोट ठेवतो आणि ते बोट त्याच ओळीत उजवीकडे सरकत गेले की शेवटच्या आकड्यावर येऊन थांबते. पूर्वजाचे नाव या यादीत आहे ते त्या ओळीतल्या बाकीच्या गोष्टी त्याच्या मालकीच्या होत्या म्हणून. मालमत्ता नसलेल्या गोऱ्यालाही या यादीत नाव नाही.

चर्चच्या जन्म-विवाह-दफनाच्या वह्या मात्र गरीब गोऱ्यांनाही ओळखतात. बार्बेडोसच्या अशा नोंदी १६३७ पासून मिळतात. अमेरिकेतल्या मॉर्मन पंथीयांनी त्यांच्या सूक्ष्मफिती काढल्यामुळे आज त्या घरबसल्या पाहता येतात. हे वाचायला सोपे वाटते. पण या वह्या इथवर कशा पोचल्या, हे एक नवलच आहे. १० ऑक्टोबर १७८० च्या महाचक्रीवादळात एकट्या बार्बेडोसवर चार हजारांहून अधिक माणसे मेली आणि चर्चेस जमीनदोस्त झाली. ऑगस्ट १८३१ मध्ये पुन्हा तसेच वादळ आले. सेंट जॉनचे चर्चही त्यात पडले आणि आजची इमारत त्यानंतरची आहे. वाळवी, दमट हवा, खारा वारा हे तर रोजचेच शत्रू. जमैकाचे पोर्ट रॉयल शहर ७ जून १६९२ च्या भूकंपात निम्म्याहून अधिक समुद्रात गेले.

आणि ही केवळ जुनी संकटे नव्हेत. बार्बेडोसचे राष्ट्रीय पुराभिलेखागार ब्लॅक रॉक इथे आहे, एकेकाळच्या कुष्ठरोग्यांच्या इस्पितळाच्या आवारात. जून २०२४ मध्ये त्यातल्या एका इमारतीला आग लागली आणि जुनी कागदपत्रे जळून गेली. ‘पुढच्या सुट्टीत जाऊन पाहू’ असे म्हणणाऱ्या शोधकाने ही तारीख लक्षात ठेवावी.

आता ब्रिटनमधल्या वंशजांकडे वळू. त्यांतले अनेक जण असे, की आपल्या घराण्याचा वेस्ट इंडीजशी काही संबंध होता हेच त्यांना माहीत नसते. त्यांना हा संबंध कळतो तो एका सरकारी हिशेबातून. ब्रिटिश संसदेने १८३३ मध्ये गुलामगिरी रद्द करण्याचा कायदा केला. तो १ ऑगस्ट १८३४ पासून लागू झाला. सुमारे आठ लाख माणसे कागदोपत्री मुक्त झाली, पण ‘उमेदवारी’ या गोंडस नावाखाली त्यांतल्या बहुसंख्यांना १८३८ पर्यंत जुन्याच मालकाकडे राबावे लागले. नुकसानभरपाई दिली गेली ती मालकांना. रक्कम दोन कोटी पौंड, म्हणजे सरकारच्या वर्षाच्या खर्चाच्या सुमारे ४० टक्के. मुक्त झालेल्यांना एक पैही मिळाली नाही.

भरपाई हवी तर दावा करायला हवा, दाव्यासाठी नाव, पत्ता, गुलामांची संख्या द्यायला हवी. अशा हजारो दाव्यांची दप्तरे लंडनजवळच्या क्यू इथल्या राष्ट्रीय अभिलेखागारात पडून होती. युनिव्हर्सिटी कॉलेज लंडनमधल्या इतिहासकारांनी ती धुंडाळून त्यांची सूची २०१३ मध्ये सर्वांसाठी खुली केली. मग गावोगावचे पाद्री, विधवा, निवृत्त लष्करी अधिकारी, बँकवाले अशी सारी मंडळी त्यात दिसू लागली. पुष्कळ दाव्यांत माणसांची संख्या दोन-तीन एवढीच. एखाद्या विधवेचा उदरनिर्वाह दोन ‘माणसे’ भाड्याने देऊन चाले.

यातले एक मोठे नाव जॉन ग्लॅडस्टन, पुढे चार वेळा पंतप्रधान झालेल्या विल्यम ग्लॅडस्टनचे वडील. त्यांना २,५०८ माणसांच्या बदल्यात एक लाख सहा हजारांहून अधिक पौंड मिळाले. भारतीय वाचकाचा संबंध इथे येतो. ‘उमेदवारी’ संपत आल्यावर याच ग्लॅडस्टनने कलकत्त्याहून मजूर मागवले आणि १८३८ मध्ये ‘व्हिटबी’ व ‘हेस्पेरस’ या जहाजांतून ३९६ भारतीय ब्रिटिश गयानाला उतरले. कॅरिबियनमधल्या गिरमिटियांची ही पहिली तुकडी. ऑगस्ट २०२३ मध्ये ग्लॅडस्टन घराण्यातले वंशज गयानाला गेले आणि त्यांनी दोन्ही गोष्टींबद्दल जाहीर माफी मागितली. त्याच वर्षी फेब्रुवारीत ट्रेव्हेलियन घराण्याने ग्रेनाडामध्ये तसेच केले होते. त्यांचाही शोध या सूचीतूनच सुरू झाला.

अशा माफीने काय साधते, यावर वाद आहे आणि तो असायला हवा. एवढे मात्र खरे, की नुकसानभरपाईसाठी काढलेले कर्ज ब्रिटनच्या तिजोरीने पुरते फेडले ते २०१५ मध्ये. २०१८ मध्ये तिथल्या अर्थखात्याने समाजमाध्यमावर ही बाब अभिमानाने सांगितली, की तुमच्या करांतून गुलामगिरी संपवायला मदत झाली! टीकेची झोड उठताच ती नोंद काढून टाकली गेली. १९५६ पासून लंडनच्या बसगाड्यांसाठी बार्बेडोसहून खास माणसे भरती केली जात होती. त्यांच्याही पगारातून कापलेला कर त्या कर्जात गेला. पणजोबाच्या मालकाला दिलेली भरपाई पणतूने फेडली.

त्या बसवाहकाने आपल्या पूर्वजाचा शोध घ्यायचा म्हटले तर? त्याचे आडनाव इंग्रजी असेल. पण आडनाव म्हणजे रक्त नव्हे. मुक्त झाल्यावर कोणी मळ्याच्या मालकाचे आडनाव घेतले, कोणी आधीच्या मालकाचे, कोणी बाप्तिस्म्याच्या वेळी पाद्र्याने लिहिले ते. त्याच आडनावाचा गोरा माणूस त्याचा पूर्वज असेलही, नसेलही. त्यामुळे १८३४ च्या मागे जायचे तर एकच मोठा आधार उरतो: गुलामांच्या नोंदवह्या. १८०७ मध्ये गुलामांचा व्यापार बंद झाल्यावर चोरून माणसे आणली जाऊ नयेत, म्हणून वसाहतींत या वह्या सुरू झाल्या. बार्बेडोसमध्ये पहिली नोंदणी १८१७ ची, मग दर तीन वर्षांनी. मालकाच्या नावाखाली प्रत्येकाचे नाव, वय, वर्ण, जन्म बेटावरचा की आफ्रिकेतला. क्यूमध्ये या दप्तराचे शेकडो खंड आहेत आणि कॅरिबियनमधल्या या नोंदी २००९ मध्ये युनेस्कोच्या जागतिक स्मृती-सूचीत गेल्या.

या वह्यांत आडनावे जवळजवळ नाहीतच. सीझर, पाँपी अशी मालकांनी थट्टेने ठेवलेली रोमन नावे आहेत. परंतु त्यांच्यामध्ये काही नावे अशी आढळतात, की जी मालकाने ठेवलेली नव्हेत. क्वाशेबा, कुजो, फिबा. ही पश्चिम आफ्रिकेतल्या अकान लोकांची वारांवरून पडणारी नावे. क्वाशेबा रविवारी जन्मलेली, कुजो सोमवारी जन्मलेला, फिबा शुक्रवारी जन्मलेली. सोमा, मंगळ्या, बुधाजी ही नावे ज्या भाषेत आहेत, तिच्यात वाढलेल्या माणसाला हे समजायला वेळ लागू नये. सारे काही हिरावले गेल्यावरही कोणा आईने मूल जन्मले तो वार तेवढा राखून ठेवला.

एका फिबाविषयी आपल्याला बरेच ठाऊक आहे आणि त्याचे कारण चमत्कारिक आहे. लिंकनशरचा थॉमस थिसलवूड १७५० मध्ये जमैकाला गेला, मळ्यावर मुकादम झाला, पुढे स्वतःची जमीन घेतली आणि १७८६ मध्ये तिथेच मेला. ही सारी वर्षे तो रोज डायरी लिहीत होता. पाऊस किती पडला, कोणाला किती फटके मारले, सारे त्याच थंड हाताने. १३८ स्त्रियांवर त्याने शरीरसंबंध लादले, हा हिशेब त्याच्याच नोंदींतून निघतो. फिबा ही दुसऱ्या मालकाची गुलाम. तिच्याशी त्याचा संबंध अखेरपर्यंत टिकला. त्यांचा मुलगा जॉन १७६० मध्ये जन्मला, १७६२ मध्ये त्याला मुक्त केले गेले आणि १७८० मध्ये तो वारला. थिसलवूडने मृत्युपत्रात फिबाच्या सुटकेसाठी तरतूद केली, तरी ती प्रत्यक्षात मुक्त झाली १७९२ मध्ये, तो मेल्यावर सहा वर्षांनी. ज्याने तिला वापरले त्याच्या वहीमुळे तिचे नाव उरले, ही गोष्ट कितीही वेळा वाचली तरी पचत नाही.

ॲशबी घराण्यात अशी डायरी कोणी लिहिली नाही. लोहार जॉर्जनंतर काही पिढ्यांनी रॉबर्ट कूपर ॲशबी झाला; बर्क्स नावाच्या मळ्याचा मालक. गुलामगिरीच्या अखेरच्या दशकांतला तो माणूस, त्यामुळे त्याच्याविषयी कागदांची वाण नाही. मळ्यावरच्या एका गुलाम स्त्रीपासून त्याला मुलगा झाला, जॉन स्टीफन. आंद्रेया स्टुअर्ट यांचा वंश या जॉन स्टीफनकडून येतो. म्हणजे इंग्लंडहून आलेला लोहार त्यांचा खराखुरा पूर्वज आहे आणि त्याच्या वंशजांनी विकत घेतलेली माणसेही त्यांचे तितकेच खरे पूर्वज आहेत. बापाच्या बाजूने त्या जहाजातून उतरलेल्या जॉर्जपर्यंत जाऊन पोचल्या. आईच्या बाजूने एकच पिढी मागे जायचे होते. जॉन स्टीफनच्या आईचे नाव त्यांना मिळाले नाही.